प्रतिजैविक बंद, प्रोबायोटिक सुरू: गोड्या पाण्यातील कोळंबीचा रोग खरंच आटोक्यात येतो का?

एप्रिल २०२५ मध्ये दोन निर्णय लागोपाठ आले. १ एप्रिलपासून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नवी दुरुस्ती लागू झाली. दूध, मांस, अंडी आणि मत्स्यसंवर्धनातील उत्पादनांत क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसह अनेक प्रतिजैविकांचा वापर कोणत्याही टप्प्यावर करायचा नाही, असा तिचा अर्थ. त्याच महिन्यात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. म्हणजे वीज, कर्ज, विमा या बाबतीत तळेवाला आता शेतकऱ्याच्या रांगेत आला. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचे ४० टक्के अनुदान (महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के) तर आधीपासून आहेच.

या दोन्हींचा एकत्र परिणाम तुम्हाला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिसेल. गोड्या पाण्यातील कोळंबी, म्हणजे स्कॅम्पी, करून बघू म्हणणारे वाढले आहेत, आणि पूर्वी रोगावर 'औषध' म्हणून जी बाटली पुढे केली जायची तिच्या जागी आता प्रोबायोटिकचे पाकीट आले आहे. पाकिटावर जवळपास एकच मजकूर असतो: अमोनिया कमी, तळ स्वच्छ, वाढ जोमदार, रोगांपासून संरक्षण. काही पाकिटांवर 'विषाणूजन्य रोगांवर प्रभावी' असेही छापलेले असते. यातले कोणते वाक्य खरे, कोणते अर्धे खरे आणि कोणते पैसे बुडवणारे, हे वेगळे करून पाहू.

आधी हा व्यवसाय का बसला होता ते पाहा

भारतात स्कॅम्पीची एक लाट येऊन गेली आहे. २००५-०६ च्या सुमारास देशाचे उत्पादन ४० हजार टनांच्या पुढे होते, त्यात आंध्र प्रदेशाचा वाटा मोठा. पुढच्या चार-पाच वर्षांत ते १० हजार टनांच्याही खाली आले. २००९ मध्ये व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली आणि आंध्रच्या शेतकऱ्याने तळी तिकडे वळवली, हे एक कारण. पण त्याआधीच दोन गोष्टी बिघडल्या होत्या. हॅचऱ्यांनी पिढ्यानपिढ्या त्याच त्या माद्या वापरल्यामुळे वाढ खुंटली होती. आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नेल्लोर भागातील हॅचऱ्यांत 'व्हाइट टेल', म्हणजे पांढऱ्या शेपटीचा रोग शिरला होता.

हा रोग विषाणूचा आहे. एमआरएनव्ही हा नोडाव्हायरस आणि त्याच्या सोबतीने येणारा एक्सएसव्ही हा अतिसूक्ष्म विषाणू मिळून तो होतो. प्रथम नोंद कॅरिबियनमधील ग्वाडलुप बेटावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाली. पिल्लांच्या (पीएल) शेपटीचे मांस दुधाळ पांढरे दिसू लागते आणि दोन-तीन दिवसांपासून आठवड्याभरात टाकीच्या टाकी रिकामी होते. मोठी कोळंबी मात्र मरत नाही. ती विषाणू अंगात घेऊन फिरते, आणि अंड्यांवाटे तो पुढच्या पिढीला देते. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इथे आहे: हा रोग बहुतेक वेळा तुमच्या तळ्यात तयार होत नाही, बीजाच्या पिशवीतून येतो.

कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार करता येत नाहीत. तिची प्रतिकारशक्ती जन्मजात, सर्वसाधारण प्रकारची असते. त्यामुळे लस हा मार्ग फारसा खुला नाही, विषाणूवर औषध नाही, आणि प्रतिजैविकाचा विषाणूशी संबंधच नाही. उरते ते रोगमुक्त बीज. जिवाणूंचे कोणतेही पाकीट संसर्ग झालेल्या पिल्लातून नोडाव्हायरस बाहेर काढत नाही. 'विषाणूवर प्रभावी' छापलेले पाकीट दुकानदाराकडे परत ठेवा.

मग प्रोबायोटिक कशावर चालते?

जिवाणूजन्य त्रासांवर, आणि तेही प्रामुख्याने प्रतिबंध म्हणून. कवचावर काळे-तपकिरी डाग पडून ते झिजणे, शेपटीची व पायांची टोके गळणे, हॅचरीत अळ्यांचे अवयव कुजणे, एरोमोनासमुळे होणारी मर, व्हिब्रिओचा प्रादुर्भाव, हा तो वर्ग. हे जिवाणू बहुतेक तळ्यांत असतातच. कोळंबी अशक्त झाली, कवचाला ओरखडा पडला, तळाशी सडका गाळ साचला की ते संधी साधतात.

उपयुक्त जिवाणू तीन रीतीने काम करतात. एक, ते आतड्यात आणि पृष्ठभागावर जागा व अन्न अडवतात. काही बॅसिलस जाती रोगकारकांना मारक द्रव्येही सोडतात. दोन, त्यांची विकरे खाद्य पचायला मदत करतात. तीन, कोळंबीची ती जन्मजात प्रतिकारयंत्रणा थोडी जागी ठेवतात. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, बॅसिलस कोॲग्युलन्स आणि लॅक्टोबॅसिलस ही नावे सर्वांत जास्त तपासली गेली आहेत. आपल्याच मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये लॅक्टोबॅसिलसयुक्त खाद्यावर स्कॅम्पीच्या पिल्लांची वाढ चांगली झाल्याचे प्रसिद्ध केले. मलेशियातील कामात बॅसिलस सबटिलिसने अळ्यांची जगण्याची टक्केवारी सुधारली.

हे निकाल मी नाकारत नाही. पण ते मुख्यतः कुठले आहेत ते बघा: टाक्यांतले आणि काचेच्या पेट्यांतले, मोजून दिलेल्या खाद्याचे, काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांचे. रोगप्रतिकाराची चाचणी तर बहुधा एरोमोनासचे इंजेक्शन देऊन केलेली असते. तुमचे तळे ही टाकी नाही. त्यात शेवाळ आहे, गाळ आहे, पावसाचे पाणी आहे, बगळे आहेत.

(एक उपकथा. अनेक पाकिटांवर 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस' लिहिलेले दिसेल. हे बॅसिलस कोॲग्युलन्सचे जुने, आता चुकीचे मानले जाणारे नाव आहे. जिवाणू चांगला आहे, पण लेबल लिहिणाऱ्याने गेल्या कित्येक वर्षांत पुस्तक उघडलेले नाही, एवढे त्यावरून कळते.)

पाकिटाचे गणित कागदावर मांडा

मी मूळचा पिकांचा माणूस. हरभऱ्याला रायझोबियम लावताना आपण पाकीट शेतात उधळत नाही, बियाण्याला चोळतो. कारण जिवाणू मुळाशी हवा, बांधावर नको. तळ्यातही हेच तत्त्व आहे, आणि नेमके तेच विसरले जाते.

एक एकर तळे घ्या, पाणी १.२ मीटर. म्हणजे सुमारे ४,८५० घनमीटर, अर्थात साडेअठ्ठेचाळीस लाख लिटर. पाकीट ५०० ग्रॅमचे, ग्रॅमला १०० कोटी जिवंत जिवाणू असल्याचा दावा. दावा शंभर टक्के खरा धरला आणि सगळे पाकीट पाण्यात ओतले, तर दर मिलिलिटरला पडतात फक्त शंभरेक जिवाणू. तळ्याच्या त्याच मिलिलिटरमध्ये आधीचे स्थानिक जिवाणू हजारो ते लाखो असतात. शंभर पाहुणे लाखाच्या गावात गेले. तेही गाव त्यांच्या ओळखीचे नाही.

आता तेच जिवाणू खाद्याला लावा. किलोला ५ ग्रॅम लावले तर खाद्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ५० लाख जिवाणू येतात, आणि ते थेट आतड्यात जातात. हॅचरीच्या ५,००० लिटरच्या टाकीत २५ ग्रॅम टाकले तर मिलिलिटरला ५,००० होतात, आणि तिथले पाणी आधीच गाळून, निर्जंतुक करून घेतलेले असते, म्हणजे स्पर्धा कमी. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: प्रोबायोटिकची सर्वांत योग्य जागा हॅचरी आणि नर्सरी, त्यानंतर खाद्य, आणि सर्वांत शेवटी तळ्याचे पाणी. बाजारात विक्रीचा जोर मात्र बरोबर उलट्या क्रमाने आहे, कारण पाण्यात ओतायला पाकिटे जास्त लागतात.

खाद्यातून देताना एवढे सांभाळा. पावडर थोड्या पाण्यात कालवून, अंड्याचा पांढरा भाग किंवा बाजारातील बाइंडर मिसळून खाद्यावर लावा, अर्धा तास सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी वापरा. कारखान्यातच प्रोबायोटिक मिसळलेले खाद्य घेत असाल तर त्यात बॅसिलस आहे का बघा. बॅसिलसचे बीजाणू गोळ्या बनवतानाची उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस बहुतांशी मरतो.

गूळ, भाताचा कोंडा आणि पाकीट ड्रममध्ये भिजवून 'वाढवण्याची' पद्धत स्वस्त म्हणून फार पसरली आहे. तिच्यात तथ्य आहे, जिवाणू खरोखर वाढतात. पण कोणते वाढले हे ड्रम सांगत नाही. बॅसिलसला हवा लागते. झाकून ठेवलेल्या ड्रममध्ये तो मागे पडतो आणि दुसरेच काहीतरी पुढे जाते. स्वच्छ ड्रम, उकळून थंड केलेले पाणी, सतत हवेचा पंप आणि २४ तासांत वापर एवढे जमत असेल तरच करा. आंबूस वास चालेल. कुजका वास आला तर मिश्रण जमिनीवर ओता, तळ्यात नाही.

'अमोनिया कमी' या वाक्यामागचे अर्धे सत्य

अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे असतात, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर यांच्यासारखे. ते सावकाश वाढतात आणि कोरड्या पावडरमध्ये टिकत नाहीत. बॅसिलस गाळ कुजवतो. कुजताना अमोनिया उलट सुटूही शकतो. शिवाय हे रूपांतर फुकट होत नाही. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्र रूपांतरित व्हायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि सात मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. म्हणजे एअरेटर नसलेल्या, अल्कलिनिटी कमी असलेल्या तळ्यात पाकीट टाकून पहाटेचा ऑक्सिजन आणखी खाली जातो.

अमोनियाचा विषारीपणा सामूवर ठरतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो; सामू ८ ला सात-साडेसात टक्के; ९ ला जवळपास ४५ टक्के. दाट हिरव्या पाण्याच्या तळ्यात दुपारी सामू ९ च्या वर जातो. अशा वेळी खाद्य दोन-तीन दिवस निम्म्यावर आणणे आणि वरचे दाट पाणी थोडे बदलणे हा जास्त खात्रीचा उपाय. खाद्यातील नत्रापैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग कोळंबीच्या अंगी लागतो, बाकी तळ्यातच राहतो. प्रोबायोटिकवर खर्च करण्याआधी चेक ट्रे बघा. दोन तासांनी ट्रेमध्ये खाद्य उरत असेल तर तुमचा रोग तिथून सुरू होतो आहे.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा जोडतो. आपल्याकडची शेततळी फळबागेसाठी खोदलेली आहेत. तीन मीटर किंवा जास्त खोल, बाजू उभ्या, आणि बऱ्याचदा प्लॅस्टिकचे अस्तर. स्कॅम्पी तळावर राहणारा प्राणी आहे, त्याला एक ते दीड मीटर पाणी पुरते. खोल तळ्याच्या तळाशी ऑक्सिजन सर्वांत कमी आणि विष्ठा सर्वांत जास्त. कोळंबी नेमकी तिथेच बसते. अस्तरामुळे मातीतील जिवाणूंची मदतही नाही. अशा तळ्यात पाणी दीड मीटरवर ठेवा, तळाचा गाळ पाइपने उपसायची सोय करा, नायलॉन जाळीचे पडदे आणि पाइपचे तुकडे आसऱ्याला टाका. कात टाकलेल्या मऊ कोळंबीला लपायला जागा मिळाली की एकमेकींना खाणे कमी होते, जखमा कमी होतात आणि काळ्या डागांचा रोगही कमी होतो. जखमच टळली तर जिवाणूला दार उघडे मिळत नाही. विदर्भात थंडीत पाणी थंड पडते हेही लक्षात घ्या. या कोळंबीला २८ ते ३१ अंश मानवते, आणि १४ अंशांखाली ती तग धरत नाही.

पाणी खूप जड असेल, जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या वर, तर कवचावर थर चढतो, कात नीट सुटत नाही आणि त्यावर एपिस्टायलिस, झूथॅम्नियमसारखे एकपेशीय जीव कापसासारखे वाढतात. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात बोअरचे पाणी असे असू शकते. इथे प्रोबायोटिकचा काही उपयोग नाही. पाण्याची तपासणी बीज आणण्याआधी करा, नंतर नव्हे.

आणखी एक गैरसमज. 'वाढ एकसारखी होईल' म्हणून पाकीट विकले जाते. स्कॅम्पीच्या नरांत निळ्या नांग्यांचे दादा, नारिंगी नांग्यांचे वाढते आणि खुजे नर असे थर असतात. दादा असेपर्यंत खुजे खुजेच राहतात. ही सामाजिक उतरंड आहे, आजार नव्हे. त्यावर उपाय म्हणजे मोठी कोळंबी वेळेवर काढत राहणे किंवा सर्व-नर बीज. बीजाच्या बाबतीत आता परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने २००७ पासून निवड पद्धतीने सुधारलेला 'सिफा-जीआय स्कॅम्पी' हा वाण दिला आहे, आणि सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने विजयवाड्याजवळ सर्व-नर बीजाचे काम केले आहे.

पाकिटावर विश्वास किती ठेवायचा

रायझोबियमच्या भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात असे खत नियंत्रण आदेश सांगतो. नमुना नापास झाला तर कारवाई होते. ट्रायकोडर्माला कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. तळ्याचे प्रोबायोटिक या दोन्हींत बसत नाही. किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण निविष्ठांची नोंदणी करते, पण त्याचे कार्यक्षेत्र किनारपट्टीचे. भंडाऱ्याचे किंवा सोलापूरचे तळे त्यात येत नाही. शिवाय ती नोंदणी 'यात बंदी घातलेले प्रतिजैविक नाही' एवढ्यासाठी आहे. जिवाणूंनी रोग थांबतो याची ती हमी नाही. तरीही दोन पाकिटांत निवड करायची असेल तर नोंदणी क्रमांक असलेले घ्या.

कारण खरा धोका तिथे आहे. ही प्रतिजैविकमुक्ततेची तपासणी सुरू करावी लागली, ती तळ्यात टाकल्या जाणाऱ्या निविष्ठांतूनच प्रतिजैविक जात असल्याच्या शंकेमुळे. भेसळीचे पाकीट झटपट गुण दाखवते, शेतकरी खूश होतो आणि माल तपासणीत अडकतो. २००९ मध्ये नायट्रोफ्युरानच्या अवशेषांमुळे बांगलादेशला गोड्या पाण्यातील कोळंबीची युरोपला होणारी निर्यात काही महिने स्वतःहून थांबवावी लागली. त्यात एक गुंताही होता: नायट्रोफ्युराझोनची खूण मानले जाणारे सेमिकार्बाझाइड या कोळंबीच्या कवचात नैसर्गिकरीत्याही असते, असे बेल्जियममधील संशोधकांनी पुढे दाखवले. म्हणून निर्यातदाराला माल देत असाल तर नमुना कवचासकट तपासला की नुसत्या मांसाचा, हे लेखी विचारा. आणि तळ्यात टाकलेल्या प्रत्येक वस्तूचे बिल, बॅच क्रमांक व तारीख वहीत ठेवा. वाद झाला तर तुमच्या बाजूने तेवढाच कागद बोलतो.

पाकीट खरे आहे का, हे जवळच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तपासून घेता येते. नमुना ८० अंशांवर दहा मिनिटे ठेवून मग जिवाणू मोजायला सांगा. त्या उष्णतेत बीजाणूच टिकतात, त्यामुळे बॅसिलसचा छापील आकडा खरा आहे का ते कळते. दोन तळी असतील तर एकातच वापरा, बीज व खाद्य सारखे ठेवा, आणि काढणीला जगलेली कोळंबी, सरासरी वजन व लागलेले खाद्य लिहून ठेवा. फरक पाकिटाच्या खर्चापेक्षा जास्त नसेल तर पुढच्या हंगामात ते पैसे एअरेटरच्या विजेला लावा.

वापरायचेच ठरवले तर सकाळी नऊ ते अकरामध्ये, एअरेटर चालू ठेवून वापरा. ढगाळ दिवशी टाळा. ब्लीचिंग पावडर, परमँगनेट किंवा आयोडीन वापरले असेल तर क्लोरीन पूर्ण उडेपर्यंत आणि त्यानंतरही दोन-तीन दिवस थांबा. आज जंतुनाशक आणि उद्या जिवाणू हा प्रकार सर्रास चालतो, आणि त्यात दोन्हींचे पैसे जातात.

मर सुरू झालीच तर आधी काय झाले ते ओळखा. मोठ्या कोळंबीचे मांस पांढरे दिसले म्हणजे व्हाइट टेलच असे नाही. जाळे ओढताना, ऑक्सिजन कमी पडल्यावर किंवा तापमान एकदम बदलल्यावरही मांस पांढरे पडते, आणि वेळीच पाणी सुधारले तर काही कोळंबी सावरते. तैवानमध्ये असेच लक्षण एका जिवाणूमुळेही आढळले आहे. पीएलमध्ये शेपूट पांढरी होऊन मर वाढत असेल तर पीसीआर तपासणीशिवाय काही ठरवू नका. त्यासाठी ५० ते १०० पिल्ले ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून बाटली बंद करा. जिवाणू तपासायचे असतील तर मात्र अल्कोहोल नको. आजारी पण जिवंत कोळंबी ऑक्सिजनच्या पिशवीत न्या. मुंबईची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरी, नागपूर व उदगीरची मत्स्य महाविद्यालये, किंवा जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय यांना आधी फोन करा, नमुना मग पाठवा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'रिपोर्ट फिश डिसीज' ॲपवरही फोटोसह नोंद करता येते. निकाल येईपर्यंत त्या तळ्याचे पाणी शेजारच्या तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका, आणि त्या तळ्यातले जाळे दुसऱ्या तळ्यात वापरू नका.